हजार दिवसांचा समारंभ आणि माझे गाल

माझ्यासारखा दूरदृष्टीचा माणूस तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दुसरा सापडायचा नाही! आमच्या कंपनीत विनाअपघात एक हजार दिवस पूर्ण होणार होते, डिस्पॅचचा प्रमुख म्हणून मी स्टेजवर बसणार होतो आणि फोटो निघणार होता. म्हणून चार दिवस आधीच मी बोईसरच्या एका क्लिनिकमध्ये जाऊन दोन्ही गालांवरचे वांग लेझरने काढून घेतले. इतर विभागप्रमुख फोटोत उकडलेल्या बटाट्यांसारखे दिसले, तर तो त्यांचा प्रश्न!

"समारंभ असेल तर दोन महिने आधी यायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता खपल्या धरतील, चेहरा आधी आणखी काळा दिसेल. खपल्या आपोआप पडू द्या, नखं लावू नका. आणि उन्हात अजिबात जायचं नाही!"

मी मनात म्हटलं, हे नियम सामान्य कातडीच्या लोकांसाठी.

दुसऱ्या दिवशी गाल करपलेल्या पापडासारखे झाले. गेटवरच पॅकिंगच्या रखमाबाईंनी गाठलं. "अगो बाय! साहेब, तोंड कशानं भाजलं वो?"

बावन्न वर्षांच्या माणसाने यावर खरं काय सांगावं? मी आवाज जड करून म्हणालो, "कामात असं व्हायचंच, रखमाबाई."

बस, एवढंच! सकाळच्या चहापर्यंत माझ्यावर ॲसिड उडालं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी फुटका वॉल्व्ह हाताने दाबून शेजारच्या सरावली गावाची निम्मी वस्ती वाचवली होती. मी वॉल्व्ह जवळून कधी पाहिलेलासुद्धा नाही. पण चार माणसं उठून खुर्ची देत असतील, तर नाही कशाला म्हणा?

एवढ्यात सेफ्टी ऑफिसर धर्मेश धावत आला. "कमलाकांतभाऊ, अपघात झाला आणि मला कळवलं नाही? विनाअपघात दिवसांचा बोर्ड शून्यावर न्यावा लागेल! समारंभ रद्द, कुकर रद्द!"

हजार दिवस भरले की प्रत्येक कामगाराला पाच लिटरचा कुकर मिळणार होता. रखमाबाई पदर खोचून पुढे आल्या. "माज्या पोरीच्या लग्नात तो कुकर द्यायचा हाय. नातेवाइकांना सांगून बसलेय मी! तुमी सरावली वाचवा नायतर जग वाचवा, माजा कुकर कुटं जातो?"

"आधी जागा दाखवा," धर्मेश म्हणाला.

भर दुपारी मी पुढे, मागे धर्मेश, त्याच्या मागे पन्नास-साठ कुकरवाले! तासभर वणवण केल्यावर मी एका वॉल्व्हवर बोट ठेवलं. "हाच तो."

धर्मेशने नीट पाहिलं. "हा पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा आहे."

"मग पाणीच असेल ते."

"पाण्याने गाल भाजले?"

मी रखमाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू मीच कुकर काखेत मारून पळालोय. शेवटी म्हणालो, "लेझर केलं."

"कशासाठी?"

"फोटोत बरं दिसावं म्हणून."

रखमाबाई धर्मेशकडे वळल्या. "म्हंजे कुकर हाय ना?"

"आहे," धर्मेश म्हणाला.

"मग बिनघोर करा साहेब! कपाळाला पन करून घ्या!"

समारंभ झाला. मी नवा शर्ट घालून गेलो, तेव्हा धर्मेशने हळूच बाजूला घेतलं. "राग मानू नका, पण तुम्ही स्टेजवर नको. पाहुण्यांना वाटेल, आम्ही अपघात लपवला." माझ्या खुर्चीवर कामगारांतर्फे रखमाबाईंना बसवलं.

आठवड्याने खपल्या पडल्या. खालून वांग निघाले, पहिल्यापेक्षा गडद. "उन्हात हिंडलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कामात असं व्हायचंच," मी म्हणालो.

फोटो आता कँटीनमध्ये लावलाय. मांडीवर कुकर घेतलेल्या रखमाबाई त्यात झकास दिसतात. त्यांच्याही दोन्ही गालांवर वांग आहेत, पण ते कुणाच्या लक्षात येत नाहीत. माझ्याही आले नसते. मी भिंग घेऊन गेलो होतो.