एम्रिसची शेगडी आणि क्लाइव्हचा चहा

"वारा कुठूनही येऊ दे, माझं पाणी सात मिनिटांत उकळतं!"

शुक्रवारी संध्याकाळी मैदानाच्या फाटकाशी उभं राहून एम्रिसने हे जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं. पण सोळा वर्षं तो हे वाक्य याच फाटकाशी म्हणत आला होता, आणि सोळा वर्षं ते खरं ठरलं होतं.

मैदान म्हणजे तसं मेंढ्यांचं कुरण. वेल्सच्या पार पश्चिम टोकाला, समुद्रावर झुकलेलं. मे महिन्याच्या सुट्टीत मेंढ्या वरच्या डोंगरावर जातात आणि माणसं गाड्या भरभरून इथे येतात. दोघांत जास्त अक्कल कुणाला, हे पाऊस सुरू झाला की कळतं. तंबूत शेगडी पेटवायची नाही, हा तिथला कडक नियम. दुसरा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे: पावसात ज्याची शेगडी पेटेल त्याच्याकडे बाकीच्यांनी आपापले मग घेऊन जायचं. तो नियम एम्रिसनेच घातला होता. "या मैदानात पावसात कुणीही चहावाचून राहता कामा नये!" पहिल्याच वर्षी तो असं बोलून गेला आणि मग तेच त्याचं ब्रीद झालं.

वर्षातले एकावन्न आठवडे एम्रिस गालिच्यांच्या दुकानात लोकांच्या खोल्यांची मापं घ्यायचा. तिथे त्याचं मत त्याची टेपसुद्धा विचारत नसे. पण या एका आठवड्यात त्याच्याभोवती नऊ तंबूंतली माणसं वाफाळते मग घेऊन उभी राहायची आणि प्रॉसरबाई म्हणायच्या, "एम्रिस, तू नसतास तर आम्ही काय केलं असतं रे!" या एका वाक्यावर तो उरलेलं वर्ष काढायचा.

या वर्षी क्लाइव्ह आला.

क्लाइव्ह बर्मिंगहॅमचा. निवृत्त दंतवैद्य. एकटाच. त्याच्या गाडीच्या बाजूतून बटण दाबताच छत बाहेर आलं, छतातून तीन भिंती खाली आल्या, आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने त्या भिंतींना नुसता हात लावला आणि तो निघून गेला. आत चकचकीत शेगडी. वारा अडवायला तिला स्वतःची घडीची पत्र्याची पाखं. एम्रिसच्या पोटात जे दुखायला लागलं ते तिथपासून.

"खेळणं आहे नुसतं," तो बायकोला म्हणाला.

"छान आहे की," डेलिथ म्हणाली.

"छान? ते फुलासारखं उमलतं, डेलिथ! गाडी आहे का कमळ?"

शनिवारी सकाळी डोळे उघडले तेव्हा पाऊस आडवा येत होता. या भागात पाऊस वरून पडायचा कंटाळा करतो. डेलिथ आधीच उठून कुठेतरी गेली होती. एम्रिसने तंबूतून डोकं बाहेर काढलं आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं. क्लाइव्हच्या छताखाली शेगडी पेटली होती. भोवती अख्खं मैदान मग घेऊन उभं होतं. आणि मधोमध, मोठमोठ्याने हसत, निळ्या कानतुटक्या मगमधून चहा पीत होती डेलिथ!

सव्वीस वर्षांच्या संसारात तो मग दुसऱ्या कुणाच्या किटलीखाली गेलेला त्याने पाहिला नव्हता. त्याला हेवा वाटला, साधासुधा नाही, शाळकरी पोराला वाटावा तसला.

"ठीक आहे," तो स्वतःशी म्हणाला. "सात मिनिटं!"

पहिल्यांदा त्याने पट्ट्यापट्ट्यांचा वारा अडवायचा पडदा काढला, खुंट ठोकले आणि आत शेगडी ठेवली. काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. विझली. तिसरी ओढेपर्यंत पडदाच खुंटांसकट उडाला आणि थेट क्लाइव्हच्या छतावर जाऊन बसला.

क्लाइव्ह तो घेऊन आला. नीट घडी घालून!

"हा तुमचा ना? वारा फार आहे हो आज. चहा घेणार?"

"छे छे! आमचं पाणी उकळतंच आहे आत्ता."

क्लाइव्हने थंडगार पातेल्याकडे पाहिलं, सभ्यपणे मान डोलावली आणि तो गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं एम्रिसला वाटलं.

मग त्याने गाडी वाऱ्याच्या आड लावली. डिकीचं झाकण वर, म्हणजे छप्पर झालं. झकास! ज्योत चक्क पेटली! पण गाडीला खालून भिंत नसते. वारा चाकांमधून सरपटत आला आणि फू करून गेला. एम्रिस पेटला. त्याने तंबूतल्या दोन्ही झोपायच्या पिशव्या आणल्या आणि गाडीखाली कोंबल्या. पुरल्या नाहीत म्हणून उशा. उशा पुरल्या नाहीत म्हणून डेलिथचा लोकरी कोट.

तेवढ्यात वाऱ्याने दिशा बदलली. नैर्ऋत्येचा होता तो वायव्येचा झाला. या किनाऱ्यावर तो असा बदलतोच, आणि सोळा वर्षं येणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. पण हेव्याने डोळे भरले की दिशा कोण बघतो! एम्रिस तरातरा गाडीत बसला आणि त्याने गाडी वळवली.

गाडी दोन झोपायच्या पिशव्या, दोन उशा आणि एका कोटावरून गेली.

क्लाइव्ह पुन्हा आला. या वेळी हातात चिखलाने माखलेली उशी. "ही वाऱ्याने आली बहुतेक," तो म्हणाला. उशीवर टायरची नक्षी उमटली होती, पण तो माणूस त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. "चहा...?"

"उकळतंय पाणी! उकळतंय!"

त्याच्यामागून प्रॉसरबाई आपल्या ओल्या कुत्र्याला ओढत आल्या. ऐंशी वर्षांची बाई, आवाज अजून शाळेतल्या घंटेसारखा. "एम्रिस, हट्ट सोड आणि ये तिकडे. काय चहा केलाय रे त्याने! असा चहा मी या मैदानात..." इथे त्या थांबल्या, कारण एम्रिसचा चेहरा त्यांना दिसला. "म्हणजे, तुझाही असतोच म्हणा चांगला."

तुझाही! सोळा वर्षांच्या सेवेचं हे बक्षीस!

आता एम्रिसने शेवटचा उपाय काढला. तंबूखाली अंथरायचं जाड कापड त्याने उघड्या डिकीवरून सोडलं, टोकांवर दगड ठेवले. भांडी घासायची घमेली दोन बाजूंना उभी केली. गॅसचं सिलिंडर मात्र हाताच्या अंतरावर उघड्यावर ठेवलं, कारण तो चिडला होता, वेडा झाला नव्हता. उरलेली एक फट त्याने स्वतःच्या पाठीने बुजवली. पाऊस कॉलरमधून शिरून पॅन्टमधून बाहेर येत होता. पण ज्योत टिकली! निळी, बारीक, हट्टी ज्योत!

"एम्रिस," मागून डेलिथचा आवाज आला. "हे घे. पी आधी. ओठ काळे पडलेत तुझे."

तिने क्लाइव्हकडचा मग त्याच्यापुढे धरला होता.

"नको."

"अरे, पण ऐक तर. सकाळी काय झालं..."

"मला काही ऐकायचं नाही! तू जा तुझ्या दंतवैद्याकडे!"

"माझा दंतवैद्य?" डेलिथला हसू आवरेना. मग तिचं लक्ष चाकाखालच्या लोकरीकडे गेलं आणि हसू आपोआप आवरलं. "हा माझा कोट आहे का?"

तिने मग त्याच्या हातात कोंबला आणि ती कोट उपसायला वाकली. एम्रिसने इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. त्याने एक घोट घेतला.

अहाहा! काय चहा होता तो! दाट, तांबूस, घशातून उतरत पार पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचणारा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काही थंडीचं, बाकीचं दुःखाचं. म्हणजे या माणसाकडे छत होतं, भिंती होत्या, पाखं होती, आणि वर चहासुद्धा असा! एम्रिसचा तिळपापड झाला. हातातला मग रिकामा करून तो अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "याला चहा म्हणतात? हे तर मोजे धुतलेलं पाणी आहे! चहातलं काही कळतं का या माणसाला?"

क्लाइव्हच्या छताखाली सगळ्यांनी आपापल्या मगात वाकून पाहिलं.

आणि त्याच क्षणी पातेल्यात बुडबुडे आले. एक, दोन, मग खळखळून! सात मिनिटांच्या जागी दीड तास लागला होता, पण पाणी उकळलं होतं.

"या रे सगळे!" एम्रिस नाचायचाच बाकी होता. "मग घेऊन या! खरा चहा प्यायला या!"

माणसं आली. पावसातून, रांगेने, आपापले मग घेऊन आली. पोटात चार-चार कप गेलेले असतानाही आली, कारण त्या मैदानातली माणसं तशी भली. सर्वात शेवटी क्लाइव्हही आला. एम्रिसने ऐटीत खाण्याच्या पेटीचं झाकण उघडलं, मेंढीचं चित्र असलेला आपला हिरवा डबा घ्यायला हात घातला, आणि हात रिकामाच बाहेर आला.

"डेलिथ, माझा चहाचा डबा कुठे आहे?"

प्रॉसरबाई कुत्र्याकडे बघत राहिल्या. क्लाइव्हने कोटाच्या आतून काहीतरी काढलं आणि संकोचाने पुढे केलं. हिरवा डबा. वर मेंढी.

"माझी खाण्याची पेटी घरीच राहिली हो," तो हळूच म्हणाला. "स्वयंपाकघराच्या टेबलावर. सकाळी माझ्याकडे नुसती शेगडी आणि पाणी. तुमच्या मिसेसनी बघितलं, आणि..."

"आणि मी डबा दिला," डेलिथ म्हणाली. चिखलाचा कोट तिच्या हातात ठिबकत होता. "तू झोपला होतास. पावसात कुणी चहावाचून राहता कामा नये, हे कोण म्हणतं रे दर वर्षी? तेच सांगत होते मघापासून."

एम्रिसने डब्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे पाहिलं. म्हणजे सकाळपासून सगळ्यांनी वाखाणला तो चहा त्याचाच होता. आणि मोजे धुतलेलं पाणीही त्याचंच.

क्लाइव्हला त्याची दया आली. दातांची कामं केलेला माणूस, समोरच्याला कुठे दुखतंय ते त्याला बरोबर कळायचं. "चूक माझीच असणार," तो म्हणाला. "चहा उत्तमच आहे. मी त्यात दूध जरा जास्त घातलं."

"दूध!" बुडत्याने दोर पकडावा तसा एम्रिसने तो शब्द पकडला. "तरीच! चहाला काही दोष नाही, दूधच वाईट! कुठलं घेतलंत हो ते दूध?"

क्लाइव्हने डेलिथकडे पाहिलं. डेलिथने खाण्याच्या पेटीकडे पाहिलं. एम्रिसनेही आत पाहिलं.

दुधाची बाटलीसुद्धा जागेवर नव्हती.

"साखरही आपलीच," डेलिथ म्हणाली. "सगळं एकदाच सांगून टाकते."

पाऊस चालूच होता. एम्रिसने डबा घेतला नाही. त्याने रिकामा मग उचलला, क्लाइव्हपुढे धरला आणि खाली बघत म्हणाला, "अजून असेल तर... थोडं मोज्यांचं पाणी द्या."