पाऊस आहे ना? मग निघा

हवामानाच्या ॲपवर काळा ढग दिसला की आमच्या रानडेकाकांचा चेहरा उजळतो. जर्मनीतल्या या डार्मश्टाटमधले बाकी सगळे उन्हाची वाट बघत असतात. जरा ऊन पडलं की बागेत चादरी अंथरून आडवे होतात. काका मात्र उन्हाच्या शनिवारी घरात बसून मोजे शिवतात. आणि शनिवारी पाऊस असं दिसलं, की दोन दिवस आधीच माझी बेल वाजते.

"आल्झो, तर मग, क्योल्नला दिवसभर धार आहे. निघायचं?"

क्योल्न म्हणजे आपलं कोलोन. तसं म्हटलेलं काकांना खपत नाही. "कोलोन अंगाला लावायचं, गावाला क्योल्न म्हणायचं." तिकडे जायला साध्या गाडीने निम्मा दिवस मोडतो. हायडेलबर्ग इथून तासाभराच्या आत आहे, तिथे किल्ला आहे, पूल आहे. मी एकदा तसं सुचवून पाहिलं. "तिथला पाऊस क्योल्नसारखा नाही," काका म्हणाले. विषय संपला.

काका माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. पुण्याहून तरुणपणी इथे आले, औषधांच्या कंपनीत नोकरी केली, इन्ग्रिडशी लग्न केलं. इन्ग्रिडकाकू मी यायच्या आधीच गेल्या. मीरा नावाची एक मुलगी आहे, एवढंच मला माहीत होतं. तिचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो काकांच्या भिंतीवर आहे. हातात तिच्याहून मोठा खाऊचा कागदी कोन, आणि चेहऱ्यावर तो कुणी काढून घेईल अशी शंका. युनिव्हर्सिटीत नवीन आलेली मराठी पोरं हाच काकांचा गोतावळा. आम्ही पीएचडीवाले जुने झालो तरी आमची सुटका नाही.

पावसात शहर बघण्यामागे काकांची थिअरी आहे. उन्हात शहर नटून बसतं, पावसात ते घरच्या कपड्यात दिसतं. छत्रीला त्यांचा सक्त विरोध. "छत्री घेतली की माणूस स्वतःचे बूट बघत चालतो. बूट काय डार्मश्टाटलाही दिसतात." स्वतः एक पिवळाधम्मक रेनकोट घालतात आणि सगळ्यांच्या पुढे तुरुतुरु चालतात. गर्दीत हरवलो तरी पिवळं काही दिसलं की तिकडे धावायचं, अशी आमची सोय आहे.

आणि खरं सांगते, मजा येते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वैतागत गेले होते. ऱ्हाईनच्या काठाने गाडी निघाली, डोंगरावरचे किल्ले ढगात शिरायला लागले, आणि काका या खिडकीतून त्या खिडकीत पळत "हा बघ, गेला, आता तो बघ" करत सुटले. सगळा डबा माना वळवायला लागला. क्योल्नला उतरलो की स्टेशनच्या दारातच ते प्रचंड काळं चर्च अंगावर येतं. काकांनी मला भिंतीलगत उभं केलं आणि वर बोट दाखवलं. भिंतीतून मान बाहेर काढून बसलेली दगडी भुतं होती, आणि त्यांतली दोन-तीन भडाभडा पाणी ओकत होती.

"उन्हात ही नुसती बसून असतात. आज कामावर आहेत. गेनाऊ? बरोबर ना?"

मी नखशिखांत भिजले होते आणि लहान मुलीसारखी हसत होते.

पण काकांच्या या सहलीत दोन गोष्टी मला कधी कळल्या नाहीत. एक म्हणजे लाडवांचा डबा. आदल्या रात्री काका बेसन भाजतात, वास माझ्या घरापर्यंत येतो. सकाळी डबा पाठीवरच्या पिशवीत जातो आणि दिवसभर उघडत नाही. कुणी भुकेने कासावीस झालं तरी काका त्याला बेकरीतला पाव घेऊन देतात. परतीच्या गाडीत मात्र डबा समोर येतो. "खा रे, उरलेत." न उघडलेल्या डब्यातले लाडू उरतात कसे, हे आम्ही विचारलं नाही. फुकटच्या लाडवाला कोण प्रश्न विचारतो?

दुसरी गोष्ट म्हणजे ते घर. चर्च झालं, पूल झाला, की काका आम्हाला दक्षिणेकडच्या एका गल्लीत नेतात आणि एका साध्या चार मजली इमारतीसमोर उभं करतात. "युद्धानंतरचं बांधकाम. बाल्कन्या बघा." आम्ही बघतो. एका बाल्कनीत झाकलेली सायकल आणि कोमेजलेली तुळस. काका फोन काढून काहीतरी लिहितात, उत्तराची वाट बघतात, उत्तर वाचून फोन खिशात ठेवतात आणि म्हणतात, "चला, गाडी चुकेल." गाडीला भरपूर वेळ असतो. आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे त्या बाल्कन्यांचा फोटो आहे.

यंदा माझी आई साताऱ्याहून आली. तिला मी काकांबद्दल इतकं सांगितलं होतं, की विमानतळावरच तिने विचारलं, "पाऊस कधी आहे?" हे ऐकून काका खूश झाले आणि पाऊसही पावला. शनिवारी आम्ही तिघं निघालो. नऊवारी नव्हे पण कडक इस्त्रीची सुती साडी, त्यावर माझं जॅकेट, पायात मोजे आणि चपला असा आईचा थाट होता. किल्ले बघायला ती काकांपेक्षा जास्त पळाली. पाणी ओकणाऱ्या भुतांना तिने नमस्कार केला. काकांना असा पाहुणा कधी मिळाला नव्हता. ते रेनकोटात नुसते फुलून आले होते.

मग आम्ही त्या गल्लीत आलो.

"युद्धानंतरचं बांधकाम, वहिनी. बाल्कन्या बघा."

आईने बाल्कन्या बघितल्या. मग तिने विचारलं, "पण घर कुणाचं आहे?"

इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाही हुशार माणसाला हा प्रश्न सुचला नव्हता. काका म्हणाले, "असंच आहे." आई आडोशाला म्हणून दाराशी गेली, तिथल्या बेलच्या पाट्या सवयीने वाचायला लागली आणि वळून म्हणाली, "अहो रानडे, इथे तर तुमचं नाव आहे."

काकांनी चष्मा काढून पुसला. पावसात चष्मा पुसून काही उपयोग नसतो. "मीरा राहते. मुलगी माझी."

"मग आपण रस्त्यावर का उभे?"

"मी मेसेज करतो तिला. आम्ही जवळच आहोत, सगळे मजेत आहोत, असा." त्यांनी फोन पुढे केला. "ती लिहिते, फील श्पास. म्हणजे मजा करा."

"वर या, म्हणत नाही?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत, येऊ का म्हणून?"

काकांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "बापाने लेकीला विचारायचं? आपल्याकडे तिने म्हणायचं असतं, या म्हणून. आणि न विचारता जावं तर इथे तशी पद्धत नाही, वहिनी. ती इथली आहे." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "शिवाय विचारलं आणि नाही म्हणाली, तर पुढच्या शनिवारी मी कुठे जाऊ?"

"पण पावसातच का येता?" मी विचारलं.

"ऊन असलं की ती सायकल घेऊन दिवसभर बाहेर असते. पावसात घरी असते."

छत्री, बूट, घरच्या कपड्यातलं शहर, सगळी थिअरी माझ्यासमोर विरघळली. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढे लाडू खाल्ले आपण, आणि ते सगळे मीरासाठी होते.

आईने बेल दाबली.

"वहिनी, अहो," काका म्हणाले.

"माझे मोजे ओले झालेत," आई म्हणाली. "साताऱ्याच्या बाईला कुठे इथली पद्धत माहीत असते?"

जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि दार उघडलं. भिंतीवरच्या फोटोतलीच शंकेखोर नजर, आता तिशीतली. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या पिवळ्या रेनकोटाकडे.

"बाबा?"

तेवढाच एक शब्द मराठीत. पुढचं सगळं जर्मनमध्ये, आणि भरभर. तू पावसात का उभा आहेस? किती वेळ उभा आहेस? काका जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटले, की तुला त्रास नको म्हणून. मीराचा आवाज चढला. दर वेळी लिहितोस, आम्ही सगळे आहोत, मजेत आहोत. मला वाटायचं, तुला तुझी माणसं आहेत, मी त्यात कशाला येऊ?

"काय म्हणतेय?" आईने मला विचारलं.

"तिला वाटायचं, ती काकांना नको आहे."

"दोघंही सारखीच," आई म्हणाली आणि चपला काढून जिना चढायला लागली.

वर आईचे मोजे हीटरवर वाळले. मीराने चहा केला, पाण्यासारखा. काका तो अमृत असल्यासारखा प्यायले. पिशवीतून डबा निघाला. मीराने एक लाडू उचलला, उभ्याउभ्याच अर्धा तोंडात घातला आणि भरल्या तोंडाने विचारलं, यात वेलदोडा जास्त का आहे? तुला लहानपणी तसाच लागायचा, काका म्हणाले. त्यांनी ते मराठीत सांगितलं आणि तिला ते कळलं. आईने मला कोपराने ढोसलं. "आम्ही ते चर्च परत एकदा बघून येतो," ती म्हणाली. आम्ही परत चर्चकडे गेलो नाही, थेट स्टेशनवर गेलो.

गाडी ऱ्हाईनच्या काठाने निघाली. बाहेर पाऊस चालूच होता आणि एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत पळायला आज कुणी नव्हतं. थोड्या वेळाने आई म्हणाली, "भूक लागली गं. तू म्हणाली होतीस, परत येताना लाडू मिळतात."

"आज उरले नाहीत," मी म्हटलं.