गोगलगायीची घाई

मुलगी बघायचा कार्यक्रम असला की बाकीच्यांचे मामा मुलाला पगार विचारतात, घर विचारतात, फार तर बदली कुठे होऊ शकते ते विचारतात. माझा मामा विचारतो, "जंताची गोळी शेवटची कधी घेतली?"

हे तो हसून विचारत नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढतो, मुलाकडे बघतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. मुलगा वडिलांकडे बघतो. वडील पोह्यांकडे बघतात.

मामाचं नाव सुगत. धारूरला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, एकटाच राहतो आणि सगळा रिकामा वेळ रानातल्या जनावरांच्या पोटातल्या जंतांना देतो. आमच्याकडे पत्रिका बघत नाहीत. पणजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच पत्रिका, मुहूर्त सगळं घराबाहेर गेलं. मामाला ते मान्यच आहे, पण त्याचं म्हणणं असं, "पत्रिका न्हाई हे बराबर हाय. पण मंग काई तरी बगायला नको का? ग्रह वर आभाळात असतेत, जंत पोटात असतेत. जवळचं आदी बगावं."

त्याच्या कोटाच्या खिशात कायम झाकणाच्या डब्या असतात. उमापूरला आमच्याकडे आला की पहाटेच शिवारात जातो आणि काळविटांच्या लेंड्या गोळा करून आणतो. त्या मिठाच्या पाण्यात घोळायच्या, गाळायच्या, मग जंताची अंडी वर तरंगतात ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. त्याच्या धारूरच्या घरी गाळण्या दोन आहेत. एकीच्या दांडीला लाल दोरा बांधलाय. लाल दोऱ्याची चहाची की दुसरी, हे मी दरवेळी नव्याने विचारून घेते.

तरी आमच्या भावकीत मुलगी बघायचा कार्यक्रम मामाशिवाय होत नसे. सगळ्या गोतावळ्यात 'सर' म्हणावं असा तो एकटाच. तपकिरी कोटाला इस्त्री करून यायचा आणि पुढच्या खुर्चीवर बसायचा. गोळीचा प्रश्न झाला की मोराची गोष्ट सांगायचा. लांडोर पिसाऱ्याला भुलते हे लोकांना वाटतं. खरं म्हणजे ती पिसाऱ्यातून मोराचं पोट बघते, कारण अंगात किडे असलेल्या मोराला असा पिसारा परवडतच नाही. एवढं झालं की सगळे हसायचे, मुलगाही हसायचा आणि बोलणी पुढे सरकायची. एकदा कुणीतरी विचारलंच, सर, मग तुमचं का नाही जमलं? मामा म्हणाला, "माजा पिसारा लांडोरीनं बगितला की."

या कार्यक्रमांत मामा एकच गोष्ट करत नसे. पेढा खात नसे. ताट पुढे आलं की हात आडवा करायचा, "नको, गोडानं जंत वळवळतेत." आता हाच माणूस कॉलेजात पोरांना ओरडून सांगतो की साखरेनं जंत होत नाहीत, न धुतलेल्या हातांनी होतात. मी एकदा त्याला ही विसंगती दाखवली. त्याने खिडकीबाहेर बघितलं आणि पुन्हा मोराची गोष्ट सुरू केली.

एका रविवारी आम्ही सगळे कपिलधारला गेलो होतो. सगळे धबधब्याकडे, मामा वानरांकडे. वानरं एकमेकांच्या पाठीतले किडे वेचत बसली होती. मी डबा घेऊन त्याच्याजवळ गेले तर मला म्हणाला, बघ, टोळीतल्या वानराचं अंग कसं स्वच्छ आहे, आणि तो पलीकडे एकटा बसलाय त्याच्या अंगावर गोचिड्या असणार. "सगळीकडं हात पुरतो गं," तो म्हणाला, "पाठीला दुसरं कुणी लागतं." मग माझ्या डब्यातली भाकरी घेऊन खात बसला. मला तेव्हा ते नुसतं प्राणिशास्त्र वाटलं.

मग माझी पाळी आली. मी गेवराईला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझे बाबा एसटीत कंडक्टर. मुलीचं लग्न असो की घरचं जेवण, गाडी वेळेवर सुटली पाहिजे, हा त्यांचा बाणा. स्थळ बरं होतं, मुलगा बँकेत होता. पण त्या लोकांना लग्न त्याच महिन्यात उरकायचं होतं आणि त्याच महिन्यात माझी परीक्षा होती. परीक्षा काय, लग्नानंतरही देता येते, असं ते म्हणाले आणि बाबांनी मान हलवली. आई निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडत बसली. आमच्या घरात आजवर लग्नानंतर कुणी परीक्षा दिलेली मी बघितली नव्हती, म्हणून मी मामाला फोन केला आणि रडले. त्याने एवढंच विचारलं, "परीक्षा कदी हाय?"

कार्यक्रमाच्या दिवशी मामा कोट घालून हजर. पोहे आले, मी येऊन बसले. नेहमीप्रमाणे गोळीचा प्रश्न झाला, नेहमीप्रमाणे मंडळी हसली. मी मोराची वाट बघत होते. पण मामाने मोर सोडला आणि मुलाच्या काकांना विचारलं, तुम्हाला एवढी घाई कशाची? काका म्हणाले, शुभ कार्य आहे, घाई केलेली बरी.

"घाई कोण करतं, सांगू का?" मामा म्हणाला. "गोगलगाय."

खोली खो खो हसली. मामा हसला नाही. त्याने सावकाश समजावलं. तळ्यातल्या गोगलगायीच्या अंगात जंताची अळी शिरली की पुढे तिला अंडी घालता येत नाहीत. आपला काळ थोडा उरला हे तिच्या शरीराला कळतं, म्हणून ती आहेत तेवढ्या दिवसांत अंडी घालून मोकळी होते. निरोगी गोगलगायीला कसली घाई नसते, ती वय होऊ देते, अंग भरू देते. "तवा," मामा म्हणाला, "ज्येला घाई, त्येची तपासनी आदी करावी. ह्यात रागावन्यासारकं काईच न्हाई." असं म्हणून त्याने कोटाच्या खिशातून एक नवी कोरी, रुंद तोंडाची डबी काढली आणि मुलाच्या पोह्यांच्या ताटलीशेजारी अलगद ठेवली. "उद्या सकाळचं चालंल. ताजं पायजे."

त्यानंतर जे झालं ते फार वेळ चाललं नाही. काका उठले, मुलाची आई उठली. मुलगा बिचारा पोहे संपवायच्या विचारात होता, त्यालाही उठवलं. आल्या पावली मंडळी परत गेली. डबी तिथेच राहिली.

बाबांनी मामाशी बोलणं टाकलं. बातमी भावकीत पसरायला किती वेळ लागतो! पुढच्या महिन्यात मावसबहिणीला बघायला आले, मामाला बोलावणं नाही. मग चुलतबहिणीला बघायला आले, तेव्हाही नाही. धारूरला गेले तर तपकिरी कोट खुंटीला दिसला. मी विषय काढला तर म्हणाला, बरं झालं, इस्त्रीचा त्रास वाचला. पण बाहेरून कुणी हाक मारली की पहिली नजर त्या कोटाकडे जायची, हे मी बघितलंय. पुढच्या खुर्चीचा त्याला शौक होता. ती त्याची वर्षातली चार माणसांत बसायची जागा होती आणि ती त्याने माझ्यापायी घालवली.

माझं मात्र झालं असं की दुसरं स्थळ येईपर्यंत परीक्षा झाली, परीक्षा झाली तोवर पुढचा प्रवेश झाला. बाबांची गाडी दर थांब्यावर थोडी थोडी उशीर करत गेली. आणि परवा मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. कामाच्या पहिल्याच दिवशी टेबलावर काय आलं असेल? रुंद तोंडाच्या डब्या. मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या सिस्टर बघायला आल्या.

पेढे द्यायला आम्ही धारूरला गेलो. पेढ्यांचा पुडा बाबांनी स्वतः मांडीवर धरला होता आणि एसटीत कुणाला शिवू दिला नाही. मामा नुकताच किल्ल्याकडच्या डोंगरातून आला होता, अंगात तोच कोट. आता कार्यक्रम नाहीत म्हणून रानात वापरतो म्हणे. बाबा थोडा वेळ दारात उभे राहिले, मग "जय भीम, सर" म्हणाले आणि पुडा पुढे केला. मामाने सवयीने हात आडवा केला.

"मामा," मी म्हणाले, "साखरेनं जंत होत न्हाईत. मी आता सरकारी कागदावर लिहून देऊ शकते."

मामाने चष्मा काढला. मग माझ्याकडे न बघता आईकडे बघून बोलला. "अक्का, तुला बगायला आलते तवा तू दहावीत व्हतीस. वर्गात पयली. मला किड्यांची नावं तूच शिकवलीस. आन मी पेढे खात बसलो. समदे खुश व्हते, मी बी खुश. तू आतून माज्याकडं बगत व्हतीस, मी खातच व्हतो. मंग कुनाच्याच कार्यक्रमात पेढ्याचा घास उतरला न्हाई."

बाबा पुड्याच्या दोऱ्याशी खेळायला लागले. आई मात्र हसली. तिला हसताना डोळ्यात पाणी येतं, तसं आलं.

"येड्या," ती म्हणाली, "तू तवा केवडा व्हतास? अक्का जानार म्हनून तू मोठमोठ्यानं रडाया लागलास. पावन्यांम्होरं गप बसावं म्हनून पेढा मीच चारला तुला. माज्या हातानं. तू खाल्लास म्हनून मला जरा बरं वाटलं."

मामा तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांचं आपलं निरीक्षण चुकलं, हे त्याला पटायला वेळ लागत होता. आईने पुडा सोडला, पेढा काढला आणि सरळ त्याच्या तोंडात घातला. त्याने खाल्ला. दुसराही खाल्ला. तिसऱ्याला म्हणाला, उद्या सकाळी गोळी घेतो.

डोंगरातल्या गवताची कुसळं त्याच्या कोटाच्या पाठीला भरलेली होती. आई त्याच्या मागे बसली आणि बोलता बोलता ती एकेक वेचायला लागली. मामाने पाठ जरा वाकवली आणि कुसळं संपेपर्यंत जागचा हलला नाही.