‘नाही येत’चं बटण

वेबसाइट बनवणं म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही, असं मी, एसटीतला निवृत्त कंडक्टर बापूराव, आरमोरीच्या चौकात छातीठोकपणे जाहीर केलं होतं. फ्रेमवर्क नावाचे तयार मसाले आपल्याला नकोत. साधं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, सगळं हातानं लिहायचं!

खरं कारण वेगळंच होतं. आमची रश्मी पुण्यात हेच काम करते. फोनवर आमचं बोलणं ‘जेवली का’च्या पुढे सरकत नव्हतं. पोरीची इतकी आठवण यायची की ताट समोर असून घास उतरत नसे. म्हटलं, तिचं काम शिकू, म्हणजे बोलायला काहीतरी होईल.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, आली. मंडईला, नाटकाला पाव्हणे बोलवायची आमच्याकडे रीतच आहे. मी आमंत्रणाचं पान बनवलं. खाली दोन बटणं, ‘येतो’ आणि ‘नाही येत’. दाबलं की माझ्या व्हॉट्सॲपवर नावासकट निरोप. रश्मीनं यावंच म्हणून एक करामत केली. ‘नाही येत’वर बोट नेलं की ते बटण दुसरीकडे पळायचं.

“फोन करून सांगा ना जी पोरीले,” सत्यशीला, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणाली.

“फोनवर ते नाई म्हणते. इथी तिले नाई म्हणताच येत नाई.”

पान नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि ‘येतो’चा पूर आला. मंडईच्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गडचांदूरचा साळा कुलदीप तर सिमेंट कारखान्यात रजा टाकून, तोंड फुगवून आला.

“भाऊजी, ते ‘नाही येत’ काई दाबल्या जाये ना. वैतागून ‘येतो’ दाबलं. आता मंडईले येतो म्हटलं का यावंच लागते ना?”

सगळ्यांचं तेच. सत्यशीला पुन्हा भात टाकत माझ्याकडे पाहत होती. मी रस्त्याकडे पाहत होतो. रश्मीचा निरोपच नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन आला.

“बाबा, कोड तुमी लिहिला? फ्रेमवर्कबिगर? किती साफ लिहिला जी!”

कितीतरी दिवसांनी पोरगी भरभरून बोलत होती. मी मागच्या अंगणात जाऊन नुसतं ऐकत राहिलो.

“ते एक बटण पळून राह्यलं होतं,” ती म्हणाली. “दुरुस्त करून फाईल पाठवली तुमाले. दाबूनबी पाह्यलं.”

निरोप आलाच होता. ‘नाही येत. रश्मी.’

“चालते का पाहाले दाबलं ना व बेटा?”



“नाई जी बाबा. सुट्टी नाई भेटली.”

“बटण मस्त चालते,” मी म्हटलं.