साडी नेसलेलं पोतं

आमच्या गल्लीतले चंपाशेठ कुठंही फिरायला गेले की आधी पोत्याला फिरवून आणतात. ज्वारीचं भरलेलं पोतं, चाकाच्या खुर्चीत दोरीनं बांधलेलं, अंगावर जांभळी साडी, वर डोकं म्हणून लाल भोपळा आणि भोपळ्यावर पार खालपर्यंत ओढलेला पदर. या ऐवजाला ते 'बाई' म्हणतात. जालन्यात शेठजींचं बियाण्यांचं दुकान आहे, डोकं व्यवहारात पक्कं आहे, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. वेडा माणूस वेडा दिसला की आपण निर्धास्त असतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भुतं नसतात हे दरवर्षी मुलांना सांगतो आणि संध्याकाळी पिंपळाखालून जाताना मात्र भराभर पावलं उचलतो. खुर्चीला मागून धरायला कुणीतरी लागतं आणि सर रविवारी रिकामेच असतात, म्हणून शेठजींनी नेमकं मलाच पकडलं. पोत्याला साडी कशाला, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. पदर चाकात अडकतो का ते कळायला, म्हणाले. आणि भोपळा? दाराला डोकं लागतं का ते पाहायला. उत्तरं इतकी सरळ होती की पुढं काही विचारायची सोयच राहिली नाही.

"आधी बाई, मंग आपण," हे त्यांचं पालुपद. बाई जिथं शिरत नाही तिथं हेही पाऊल टाकत नाहीत, दारातूनच परत. वाटूर फाट्यावरच्या हॉटेलाची पायरी उंच निघाली, तर मालकाकडून फळी मागून घेतली, बाईंना आत नेऊन टेबलाशी लावलं आणि तीन चहा सांगितले. वेटरनं तिसरा कप भोपळ्यासमोर ठेवला आणि जो भटारखान्यात शिरला तो आम्ही जाईपर्यंत बाहेर आला नाही. निघताना शेठजी मालकाला म्हणाले, "फळी कायमची ठेवा. पैसा सगळ्यांचा सारखा चालतो तुम्हाला, मंग दार सारखं का न्हाई?"

बाईंना आणि आम्हाला दुकानाचा टेम्पो न्यायचा, आणि मागं थोडं अंतर राखून शेठजींची पांढरी गाडी यायची, काळ्या काचांची. ड्रायव्हर सोडून तिच्यातून कुणी उतरायचं नाही. शेठजींच्या पत्नी, सरलाभाभी, कित्येक महिन्यांत कुणाला दिसल्या नव्हत्या. गल्लीत कुणी म्हणायचं मुलाकडं सुरतेला आहेत, कुणी आवाज खाली आणून म्हणायचं, गेल्या, आणि यांनी कुणाला कळवलंच नाही. जांभळी साडी त्यांचीच, हे माझ्या बायकोनं ओळखलं. त्यानंतर खुर्ची ढकलताना पोत्याला हात लागला की मी तो चटकन काढून घ्यायचो. उन्हानं ज्वारी कोमट झालेली असायची, अगदी अंगासारखी.

पिंपळगाव रेणुकाईकडच्या एका खेड्यात टेकडीवर देवीचं ठाणं आहे. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथं परत जायचंय. पायऱ्यांच्या कडेनं खुर्चीसाठी उतार बांधा, अशी विनंती शेठजींनी विश्वस्तांना केली होती. देवीची अजून तशी तक्रार आलेली नाही, असं उत्तर मिळालं. मग दर रविवारी दिवेलागणीला शेठजी खुर्ची पहिल्या पायरीशी नेऊन लावायचे आणि उभे राहायचे. नुसते. वारा सुटला की पदर हलायचा आणि भोपळा हळूच मागं कलायचा, टेकडीकडं मान वर करून बघितल्यासारखा. गुरं घेऊन येणारी माणसं लांबून वळसा घालू लागली. एका रविवारी दोन बायका आल्या, खणानारळानं बाईंची ओटी भरली आणि मागं न बघता निघून गेल्या. देवीच्या भेटीला कुणीतरी येतंय आणि तिला वर चढता येत नाही, असं गावभर झालं होतं. जिवंत माणसांसाठी तसूभर न हललेल्या विश्वस्तांनी घाईघाईनं उतार बांधून टाकला, कठड्यासकट. मला हसू येत होतं, पण अंधारून आलं होतं, म्हणून हसलो नाही.

त्या उतारावरून बाईंना वर नेऊन सुखरूप खाली आणलं, तेव्हा मी सगळा धीर गोळा करून विचारलं, "शेठजी, भाभींना जाऊन किती दिवस झाले?"

त्यांनी नवलानं माझ्याकडं पाहिलं. "कुठं जाऊन? त्या गाडीत बसलीये न्हाई का ती."

मी गाडीकडं वळलो. काळी काच हळूहळू खाली येत होती. शेठजी मात्र नेहमीच्या आवाजात सांगत होते. अर्धांगवायूनंतर त्यांनी भाभींना पाठीवर घेऊन एका देवळाच्या पायऱ्या चढायला घेतल्या आणि त्यांचा पाय निसटला. दोघंही गडगडत खाली आले. लोकांनी आधी मोबाईल काढले, मग हात दिला. तेव्हापासून भाभी बाहेर कुठं गाडीतून उतरल्या नव्हत्या, आणि नवऱ्याला अंगाला हात लावू देत नव्हत्या. उचलायचं ते कामाला ठेवलेल्या मावशींनी.

"पडायच्या आधी तिचं होतं तेवढंच वजन काट्यावर तोलून भरलं पोत्यात," शेठजी म्हणाले. "म्हणलं, आधी हिला नेऊन आणून दाखवतो. दर खेपेला तिथून पाहून राह्यली ती. एकदा बी पाडलं न्हाई मी."

काचेमागं कपाळापर्यंत पदर घेतलेला फिकट चेहरा होता. तो माझ्याकडं बघत होता.

"सर," भाभी म्हणाल्या, "तिला उतरवा. मी बसते."

मी दोरी सोडली. पोतं खाली घेताना पाठीत उसण भरली, पण तेव्हा ती जाणवलीही नाही. शेठजी गाडीच्या दाराशी गेले आणि तिथंच घुटमळले. हात पुढं करायची त्यांची हिंमत होईना. शेवटी भाभींनीच आपला चांगला हात त्यांच्या गळ्यात टाकला. शेठजींनी श्वास घेतला, पोत्याला लावायचे तसा सगळा जोर लावला, आणि भाभी इतक्या अलगद वर आल्या की शेठजींचाच तोल मागं गेला. मी धावलो. ते पडले नाहीत.

"सर, पोतं लई जड भरलं होतं मी," ते म्हणाले. खुर्ची जवळच होती आणि उतार समोर होता, पण त्यांना भाभींना खाली ठेववेना.