सातवी बची हजेरी

यंत्र आपलं ऐकतं, माणसं ऐकत नाहीत. गेली चौदा वर्षं मी हे शिक्षक-खोलीत सांगत आलोय आणि चौदा वर्षं कुणी ऐकलेलं नाही, म्हणजे माझा मुद्दा सिद्धच झाला. मी आमोद. कोथरूडमधल्या एका मराठी शाळेत संगणक शिकवतो. प्रिंटर अडला की मला बोलावतात, पंखा अडला तरी मलाच. एकदा मोठ्या बाईंच्या डब्याचं झाकण अडलं होतं. तेही मीच उघडलं. आत शिळी पोळी होती, पण तो भाग यंत्राचा नव्हता.

आमच्या शाळेत मंडळं नऊ. त्यातलं ध्वनिमंडळ माझ्याकडे, कारण दुसरं कुणी घेईना. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक खोली, एक माईक, एक म्हातारा अॅम्प्लिफायर, आणि प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर टांगलेली स्पीकरची पेटी. रोज सकाळी सात-वीसला तिथून परिपाठ होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या. हे सगळं उभं केलं तात्याराव सरांनी, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी. सर मराठी शिकवायचे. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली, आणि मी लागलो तेव्हा ते निवृत्त झालेले, त्यामुळे मला ते फक्त खोलीतल्या फोटोतून माहीत. जाड भुवया आणि आपण कुठल्याही कोपऱ्यात उभे राहिलो तरी आपल्याकडेच बघणारे डोळे.

तर जुलैत मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका श्यामला गोवंडे. याच शाळेच्या विद्यार्थिनी. "माझा गृहपाठ या शाळेत एकही दिवस चुकला नाही," हे वाक्य त्या आठवड्यातून दोनदा ऐकवतात. मुलांना ते प्रतिज्ञेचाच भाग वाटतं.

"शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष येतायत," बाई म्हणाल्या. "शेजारच्या रिकाम्या वर्गाबरोबर तुमची खोलीही त्यांना शिष्यवृत्तीच्या जादा वर्गांना हवी आहे. मंडळाचं काही काम दिसलं तर बघू. आहे का काही काम?"

"आहे ना."

"मग इतकी वर्षं कुठे ठेवलं होतंत?"

खरं सांगतो, खोली गेली असती तर माझं काही अडलं नसतं. अडलं असतं ते सलोनीचं. सलोनी नववीतली, मंडळाची प्रमुख. ती बोलताना अडखळते. स्वतःचं नाव सांगायला तिला कधीकधी अर्धं मिनिट लागतं, आणि वर्गातली मुलं ते अर्धं मिनिट घड्याळात बघतात. पण त्या खोलीत, दार लावून, समोर कुणी नसताना, माईकवर ती बातम्या अशा वाचते की आमचे शिपाई सोनबा मामा घंटा द्यायला विसरतात. ही खोली गेली की तो आवाजही गेला. मला ते नको होतं.

मग मी बेत केला. खोलीतल्या कपाटात तात्यारावांच्या कॅसेटींचं खोकं होतं. त्या संगणकात उतरवायच्या आणि जुनी प्रार्थना रोज सात-वीसला आपोआप वाजवायची. जुनं वैभव, नवं तंत्रज्ञान. अध्यक्ष खूश! कॅसेटींवर सरांचं बारीक, गिचमिड अक्षर होतं. ते मला बघवेना. जिथे 'प्रार्थना' एवढं लागलं तिथे पुढचं न वाचता मी वरून छापील चिठ्ठी चिकटवली: 'प्रार्थना. क्र. १'. सुबक दिसायला लागलं. संगणकाला सांगितलं, रोज सात-वीसला ही वाजव. शुक्रवारपर्यंत चाचणी म्हणून आवाज फक्त शेजारच्या सातवी बमध्ये सोडला. सातवी ब ही तुकडी मुलं कमी झाली म्हणून चार वर्षांपूर्वी बंद झालीय. रिकामा वर्ग, कुणाला त्रास नाही.

सोमवारी सात-वीसला प्रार्थना वाजली. खणखणीत. आठ मिनिटांत संपली आणि मी खाली सहावीच्या तासाला गेलो.

आठ वाजून दहा मिनिटांनी सोनबा मामा दारात. मामा मुळशीकडचे, तीस वर्षं शाळेत. चेहरा पांढरा.

"सर, सातवी बमधी हजेरी चाललीय."

"मामा, सातवी ब बंद आहे."

"त्येच म्हनतोय. आत कुनी न्हाई. पोरं मातुर हजर हाईत." त्यांनी आवाज खाली आणला. "आवाज तात्याराव सरांचा हाय."

मी त्यांना चहा घ्यायला सांगितलं. दुसरं काय सांगणार!

मंगळवारी आठ-पाचला पुन्हा. या वेळी ग्रंथपाल बाईंनी ऐकलं आणि त्या दोन दिवस रजेवर गेल्या. बुधवारी अख्ख्या शाळेला माहीत झालं. तिसऱ्या मजल्यावरचा जिना मुलं धावत चढायची आणि सातवी बवरून जाताना मान खाली घालायची. सातवी 'अ'ने दोन दिवस सलग गृहपाठ आणला, शाळेच्या इतिहासात असं घडलेलं नाही. कुणीतरी दाराशी नारळ ठेवला. बाईंची सूचना लगेच फिरली: "शाळेत अंधश्रद्धा खपवून घेतली जाणार नाही. नारळ पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात जमा करावा."

मी शिक्षक-खोलीत वायरिंगमधल्या दोषावर पंधरा मिनिटं बोललो. कुठली वायर, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, जुनी.

गुरुवारी ठरवलं, आपण स्वतः बघायचं. आठला पाच कमी असताना मी सातवी बच्या मागच्या दारात उभा राहिलो. बाकांवर धूळ. फळ्यावर चार वर्षांपूर्वीची तारीख, कुणी पुसलीच नव्हती. बाहेर पाऊस थांबलेला आणि पागोळ्या गळत होत्या. वर्गाला उगाच ओल्या दप्तरांचा वास येत होता. आठ-पाच झाले.

"एक."

"हजर सर," एक बारीक आवाज म्हणाला.

"दोन."

"हजर सर."

घोगरा, सावकाश आवाज. प्रत्येक आकड्यानंतर थोडा थांबणारा, जणू मान वर करून बघतोय. पेटीतून येत असणार, मी स्वतःला सांगितलं. पेटी समोर होती. आवाज मात्र वर्गभर बसलेला होता. अकरा. हजर. बारा. हजर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि शांतता पसरली.

"मागे कोण उभं आहे?"

मागे मी उभा होतो.

"आत ये. बस."

मी आत गेलो आणि बसलो. चाळिशी उलटलेला माणूस, शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून!

"तेरा."

मी 'हजर' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी मुलगी म्हणाली. माझ्या शेजारून म्हणाली असं मला वाटलं. चौदाला मी जिन्यात होतो. जिना कसा उतरलो ते आठवत नाही, पण उजव्या पायातली चप्पल मामांनी नंतर आणून दिली. मी हे कुणालाही सांगितलं नाही. दोष वायरिंगचा आहे, हे मीच जाहीर करून बसलो होतो.

शुक्रवार उजाडला. अध्यक्ष वेळेवर आले, तिथूनच अपशकुन झाला. मी सगळ्या वर्गांची आणि कार्यालयाची बटणं चालू केली, वर सलोनीला बसवलं आणि खाली बाईंच्या कार्यालयात येऊन उभा राहिलो. सात-वीसला जुनी प्रार्थना लागली. मग सलोनीने सुविचार, बातम्या, दिनविशेष वाचले. एकदाही अडखळली नाही. माझा ऊर भरून आला.

अध्यक्षांनी मान हलवली. "छान. पण अहो, हे मोबाईलवरही होतं. त्याला आख्खी खोली कशाला?"

मी वीस-पंचवीस मिनिटं बोललो. जेवढं बोललो तेवढी खोली लहान होत गेली. शेवटी त्यांनी चहा संपवला, खिशातून पेन काढलं आणि बाईंनी पुढे केलेल्या कागदावर टेकवलं.

आणि पेटीतून आलं, "एक."

संपूर्ण शाळा गप्प झाली. पंचवीस वर्गांतला गोंगाट एकदम बंद झाला, असं मी आजवर ऐकलेलं नाही. "हजर सर... हजर सर..." प्रत्येक मजल्यावरून तेच बारीक आवाज. अध्यक्षांचं पेन कागदावर तसंच राहिलं. मी भिंतीला टेकलो. पंधरा. सोळा. सतरा.

"अठरा."

कुणी उत्तर दिलं नाही.

"अठरा? श्यामला खांबेटे? वही कुठे आहे? पुन्हा घरी राहिली? या आठवड्यात तिसऱ्यांदा. उभी राहा."

आमच्या मोठ्या बाई उभ्या राहिल्या.

सत्तावन्न वर्षांच्या, दोन महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या, शिक्षणाधिकारी आले तरी खुर्चीतून न हलणाऱ्या बाई, हात मागे बांधून, मान खाली घालून उभ्या राहिल्या. "चुकले सर," असं त्या पुटपुटल्या. त्या उभ्या म्हणून अध्यक्षही उभे राहिले. एकोणीस, वीस होत होत पस्तीसपर्यंत आम्ही सगळे उभेच होतो. मग पेटीत खट्ट झालं आणि थांबलं.

दारात सलोनी होती. धापा टाकत, हातात कॅसेट. माझी चिठ्ठी तिने सोलून काढली होती. खाली सरांचं अक्षर होतं: 'प्रार्थना. पुढे, सातवी ब, हजेरी.'

"स-सर," ती म्हणाली, "फा-फाईल पाऊण तासाच्या वर आहे. तुम्ही फक्त पहिली आ-आठ मिनिटं ऐकलीत. पुढे नुसती रिकामी टेप आहे, आ-आणि मग हे."

बाईंनी तिच्या हातातून कॅसेट घेतली. अक्षरावरून एकदा बोट फिरवलं. मग अध्यक्षांच्या पुढ्यातला कागद उचलला आणि घडी करून पर्समध्ये टाकला. "ही खोली कुठेही जाणार नाही," त्या म्हणाल्या. अध्यक्ष अजून उभेच होते. उभ्याने काय बोलणार?

शाळा सुटल्यावर बाई वर खोलीत आल्या. "आमोद, ही सगळी ऐकवा. दुसरी बाजूसुद्धा."

"काय शोधायचंय बाई?"

"सर मला कधी बस म्हणाले ते."

आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. संगणकावर ऐकल्या, मग मूळ कॅसेटही लावली. सर बस म्हणतच नाहीत. पस्तीसला टेप संपते. बाई तशाच उभ्याने खाली गेल्या. तेव्हापासून शिक्षकांच्या सभा त्या उभ्यानेच घेतात, आणि गृहपाठाचं ते वाक्य पुन्हा कुणी ऐकलेलं नाही. मंडळ आता सलोनी चालवते. माझ्याकडे बागकाम मंडळ दिलंय. कुंडीला चिठ्ठी लावायची नाही, अशी लेखी ताकीद आहे.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या दिवशी बाईंनी आपली ओळ शोधली, तशी मी माझीही शोधली. बारा आणि तेराच्या मध्ये खुर्ची सरकते. नंतर काही नाही. लगेच तेरा. मागे कोण उभं आहे, आत ये, बस, यातलं अक्षरही त्या टेपवर नाही.

हे मी बाईंना सांगितलेलं नाही. त्या अजून उभ्या आहेत, आणि सरांनी बसायला सांगितलं ते मला, हे कळलं तर त्यांना फार वाईट वाटेल.