पाळण्यातली क्रियापदं

इंग्रजी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! आमच्या विमा कचेरीतलं प्रत्येक इंग्रजी पत्र माझ्याच टेबलावरून जातं. मी एकदा 'विथ रेफरन्स टू' असं ठोकलं की समोरच्या पार्टीला घाम फुटतो. त्यामुळे बायकोपुढे इंग्रजीची परीक्षा उभी राहिली तेव्हा मी नुसता हसलो.

ही नर्स. हिच्या इस्पितळातून एकाच नर्सला परदेशी पाठवायचं होतं, तेही लहान मुलांच्या वॉर्डात. शिकत होती तेव्हापासून हिने ते स्वप्न उराशी धरलेलं. मेट्रनबाईंनी हिचंच नाव दिलं. आडवी आली ती फक्त परीक्षा.

"क्लास लावते हो," ही म्हणाली.

"घरात मी असताना क्लास? लोक काय म्हणतील!"

लोक काहीही म्हणाले नसते, हे आता कळतंय.

हिचं इंग्रजी तसं बरं होतं. अडायचं ते एकाच ठिकाणी. इंग्रजांची क्रियापदं मोठी लबाड! एकटी असली की गाईसारखी गरीब, पण मागे शेपूट लागलं की शिंगं उगारतात. गिव्ह म्हणजे देणं, पण गिव्ह अप म्हणजे नाद सोडणं. लुक म्हणजे बघणं, पण लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. त्यात ही ड्यूटीवरून आली रे आली की आमची तान्ही मांजराच्या पिलासारखी हिच्या खांद्याला चिकटायची. अभ्यासाला हात मोकळे होते कुठे?

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली! पोरीला निजवताना अंगाई म्हणावीच लागते, मग त्याच चालीवर क्रियापदं म्हटली तर? एका झोक्यात दोन कामं! बसल्या जागी रचून टाकलं:

लुक आफ्टर छकुले, म्हणजे सांभाळणं,
पुट ऑफ गं बाई, म्हणजे लांबवणं,
गिव्ह अप सोनुले, नाद तो सोडणं,
कॅरी ऑन चिमणे, चालूच ठेवणं!

"चाल गोड आहे रे," आई म्हणाली. "पण हे शिकवतोयस कोणाला? नातीला की सुनेला?"

"दोघींना!"

पहिल्याच संध्याकाळी चमत्कार! 'गिव्ह अप' येईपर्यंत पोरीच्या पापण्या मिटल्या, उन्हं कलल्यावर फूल मिटावं तशा. 'कॅरी ऑन'ला आईची मान छातीवर. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडचे बँकवाले काका दारात हजर. बिचाऱ्यांना वर्षानुवर्षं झोप नव्हती. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आज ते पुट ऑफ जरा लांबवून घ्या ना. काल त्यावर फार छान लागली."

मी तरंगत होतो! पण विद्यार्थिनीचं काय? ती तर पाळण्याच्या दोरीला धरून सगळ्यांच्या आधी घोरत होती.

"पाठ होतंय ना?" मी विचारलं.

"होतंय. पण अहो, शब्द आठवला की डोळेच मिटतात."

"म्हणजे ज्ञान मुरतंय!"

मग ते मुरलेलं ज्ञान वॉर्डात फसफसलं. राउंडला आलेले मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, लुक आफ्टर धिस पेशंट." हिने अशी जांभई दिली की डॉक्टरांना अक्कलदाढा दिसल्या! ते पुढे म्हणाले, "ऑपरेशन पुट ऑफ करू." ही सलाइनच्या स्टँडला टेकून चक्क पेंगली.

मेट्रनबाईंनी हिला बाजूला घेतलं. "कितवा महिना?"

"कसला?"

"लाजतेस काय! मागच्या खेपेलाही अशीच पेंगायचीस. पण अगं, अशा दिवसांत परदेशी कशी पाठवू तुला? दुसरीचं नाव देते."

त्या दिवशी ही घरात शिरली ती वादळासारखी. तोवर मेट्रनबाईंचा अभिनंदनाचा फोन येऊन गेला होता आणि आईने लोकर काढून टोपडं अर्ध्यावर आणलं होतं!

"माझी जागा जात होती!" ही कडाडली. "भर वॉर्डात शपथ घेऊन सांगावं लागलं, बाळ नाही हो, क्रियापदं आहेत!"

"मग काय म्हणाल्या?"

"पास होऊन दाखव म्हणाल्या, तर खरं मानेन. आणि परीक्षेच्या दिवशी तुम्ही तोंड उघडायचं नाही. चकार शब्द नाही!"

नाहीच उघडणार होतो, देवाशपथ! पण ही तोंडी परीक्षेला आत गेली, दार लागलं आणि माझ्या कडेवरच्या पोरीने असा टाहो फोडला की भिंतीवरचं घड्याळ हललं. बाटली दिली, ढकलली. किल्ल्या वाजवल्या, भिरकावल्या.

"साहेब, गप्प करा तिला," दारावरचा रखवालदार म्हणाला, "नाहीतर सगळ्यांनाच बाहेर काढतो. तुमच्या बाईसाहेबांनाही."

आता सांगा, मी काय करणार? हलकेच सुरू केलं, लुक आफ्टर छकुले...

पोर निवली. पण बाकावर घोकत बसलेले उमेदवार एकेक करून कलंडू लागले. रखवालदार दाराला पाठ लावून उभ्याउभ्या घोरू लागला. आणि दाराआड, हे मला मागून कळलं, माझ्या बायकोने परीक्षकबाईंच्या तोंडासमोर आऽऽ करून जांभई दिली!

परीक्षकबाई ताडकन म्हणाल्या, "मी इतकी कंटाळवाणी आहे का?"

त्यानंतर आतून हिचा आवाज येऊ लागला. आधी हळू, मग चढा, मग धबधबा! ठरलेली वेळ संपली तरी थांबेना. झोपलेले उमेदवार उठून बसले. शेवटी दार उघडलं. परीक्षकबाई बाहेर आल्या, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि वळून हिचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या!

रस्त्यावर आल्यावर मी हळूच विचारलं, "एवढं काय बोललीस गं?"

"जांभई का आली, ते."

"म्हणजे माझ्याबद्दल?"

"लग्नापासून सुरुवात केली."

"आणि... क्रियापदं आली का?"

"सगळी," ही शांतपणे म्हणाली. "एकही शिल्लक राहिलं नाही."

निकाल लागला. बोलण्यात ही सगळ्यांत पहिली! मेट्रनबाईंनी पेढ्यासारखं गोड हसून जागा पक्की केली. कचेरीत मी आजही छातीठोकपणे सांगतो, बायको पास झाली ती केवळ माझ्यामुळे. यात तसूभरही खोटं नाही. फक्त कसं, ते कृपा करून कोणी हिला विचारू नका. ती सांगेल!